विमानाच्या नाकातलं लिंबू

हसणार आहात तुम्ही, मला माहीत आहे. हसा! पण कप खाली ठेवून हसा. मागं हीच फजिती सांगितली तेव्हा एकाच्या पांढऱ्या शर्टाचं वाटोळं झालं होतं.

तर मी विज्ञानाचा मास्तर. कोल्हापुरात आमच्या गल्लीत कुणी दारावर काळी बाहुली टांगली, की मी निघालोच भाषण द्यायला! अशा माणसाला विमानाचं वेड लागलं. खरं नव्हे हो, रिमोटवर उडणारं. रूप मात्र शंभर वर्षांपूर्वीचं, गोल फुगीर नाक, लांबरुंद पंख, आणि आत बॅटरी, मोटर. लाकूड बाल्साचं, हातात घेतलं तरी घेतल्यासारखं वाटत नाही! पंखाची एकेक फासळी फर्निचरवाल्या सलीमभाईंनी घासून दिली, जिवलग दोस्त माझे. आठ महिने जेवणाच्या टेबलावर विमान, आणि आम्ही नवरा-बायको जेवायला फरशीवर.

एकच दुखणं होतं. शेपूट जड! पंखाखाली दोन बोटं लावून उचललं की मागं कलायचं. नाकात शिशाचा तुकडा बसवायचा ठरलं होतं. पण उड्डाणाच्या दिवशी सकाळी उचलून बघतो तर काय, अगदी समतोल!

"गोंद वाळला, म्हणून शेपूट हलकं झालं," मी शास्त्रीय कारण दिलं.

"एवढा कसला गोंद हुता, सर?" सलीमभाई म्हणाले. पण विज्ञानाचा मास्तर कोण? मी! शिसं घरीच राहिलं.

कोडोलीच्या माळावर अर्धी गल्ली जमली. सौ. होती, माझे विद्यार्थी होते, आणि शेजारच्या रानातले पटकेवाले आजोबाही आले.

"पावणं, ह्ये खरंच उडतंय व्हय?"

"बघाच आता!"

तेवढ्यात विमानाच्या नाकातून काहीतरी हिरवं डोकावताना दिसलं. ओढलं, तर मिरची! मागून दुसरी, तिसरी, मोजून सात मिरच्या, आणि शेवटी हे एवढं थोरलं लिंबू!

मी सौ.कडं बघितलं.

"अहो, आठ महिनं खपलायसा. नजर लागंल म्हणून काल सांजच्याला गुपचूप बांधलं की!"

झालं! विद्यार्थ्यांच्या देखत? माझ्या विमानाला? पाच मिनिटं बोललो मी. "विमान हवेवर उडतं, लिंबावर नव्हे!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात लिंबू भिरकावलं, ते थेट आजोबांच्या उसात.

मग सोडलं विमान. गेलं की हो वर! आणखी वर! पण नाक आभाळाकडं, शेपूट जमिनीकडं... क्षणभर थबकलं आणि धाडकन गवतात! गेले माझे आठ महिने!

सगळे विमानाकडं धावले. आजोबा तेवढे बोलले, "लिंबू टाकाय नगं हुतं."

पंख रबरांनी बांधलेला होता, म्हणून नुसता निसटला, मोडला नाही. सलीमभाईंनी तो परत बांधला, विमान दोन बोटांवर उचललं. शेपूट खाली! ते माझ्या कानाशी लागले.

"सर, गोंद न्हवं त्ये. लिंबाचं वजन हुतं!"

अरे देवा! नाकात लिंबू म्हणून तोल साधला होता, आणि शाबासकी मी गोंदाला दिली!

आता जरा डोळ्यांपुढं आणा. मघाचा वक्ता उसात गुडघ्यांवर रांगतोय, पाचट तोंडावर घेतोय आणि ओरडतोय, "लिंबू शोधा रे! त्याच्याशिवाय उडायचं नाही!" मी "वजन, वजन" म्हणत होतो, पण ऐकतंय कोण? शेवटी सौ.लाच सापडलं. तिनंच नाकात बांधलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आणि उडालं! काय उडालं महाराजा! माळावरून गिरकी, उसावरून गिरकी, पंखांतून ऊन आरपार! पोरं नाचायला लागली, सलीमभाईंनी मला मिठी मारली. माझे हात रिमोटवर, डोळे वर. अशात आजोबांनी कोपर धरलं.

"सर, लिंबू कंच्या वारी बदलायचं?"

डोक्यात नुसता तोल! वाळलं की वजन घटणार, दुसरं काही सुचलंच नाही. मी सगळ्यांच्या देखत ओरडून सांगितलं, "वार बघू नका! वाळलं की लगेच बदला! वाळलेलं चालतच नाही!"

आजोबा गर्दीकडं वळले. "ऐकलासा का रं? इज्ञानाचं सर सोत्ता सांगत्यात!"