वरून ओतलेलं पाणी

"हिला मराठी येतंय का गं?"

"येतंय की. पर आपल्यासंगं कशाला बोलंल ती?"

शाळेच्या ओट्यावर, माझ्या पाठीमागं बसलेल्या दोघी माझ्याबद्दलच बोलत होत्या आणि मला ऐकू जावं एवढ्या आवाजात बोलत होत्या. मी वळून बघितलं नाही. वळले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

वडील परंडा तालुक्यातल्या त्या गावात सोसायटीचे सचिव होते. मी सोलापुरात मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले आणि कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत गावी आले. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. त्याच उन्हाळ्यात युरोपातून सहा तरुण पाहुणे गावात येऊन राहिले. सकाळी ते पाझर तलावाच्या कामावर माती उचलायचे आणि दुपारी शाळेत गावातल्या मुलामुलींबरोबर नाटक बसवायचे. त्यांना घेऊन आलेल्या बाई उंच, उन्हानं लाल झालेल्या, सतत उत्साहात. भाषा येत नसली तरी माणसं एकत्र नाटक करू लागली की त्यांचा एकमेकांवर विश्वास बसतो, असं त्या म्हणायच्या. सोसायटीच्या चेअरमननी मान डोलावली आणि दुभाषी म्हणून माझं नाव सांगून टाकलं. मला कोणी विचारलं नाही.

विश्वास कुठं बसताना दिसत नव्हता. पाहुण्यांच्या आंघोळीसाठी रोज टँकरमधून एक ड्रम भरून ठेवत. त्या ड्रमकडे बघून गावातला एकजण म्हणाला, "ह्यांच्या अंगाला पाणी, आन् आमच्या म्हशींनी दगड चाटायचे." पाहुण्यांपैकी एका मुलानं मला विचारलं, की ही मुलं आम्हाला बघून सारखी हसतात कशाला? यातलं एकही वाक्य मी पलीकडं पोचवलं नाही. दोन्ही बाजूंचा कडूपणा माझ्यापाशीच साठत गेला आणि मला दोन्ही बाजूंचा राग येऊ लागला.

बाईंचा एक खेळ होता. एकानं डोळे मिटून मागं पडायचं, बाकीच्यांनी त्याला झेलायचं. खालच्या वस्तीतली, बौद्ध घरातली एक मुलगी होती. मॅट्रिक झालेली, माझ्याच वयाची. तिची पाळी आली. मागं गावातल्या चार मुली हात पुढं करून उभ्या होत्या. ती डोळे मिटून मागं झुकली आणि चौघींनी हात काढून घेतले. कोपर फुटलं. कोणीतरी फिसकन हसलं.

"काय झालं?" बाईंनी मला विचारलं.

चेअरमनचा पुतण्या सगळ्या कार्यक्रमाची व्यवस्था बघायचा. मी तोंड उघडायच्या आधी तोच पुढं झाला. "शाय, मॅडम. व्हेरी शाय गर्ल्स." त्याला इंग्रजीतले मोजके शब्द येत होते आणि त्यातला हा त्याला कुठंही चालायचा.

मुलगी उठली, कोपराची माती झटकली आणि त्या चौघींकडं न बघता तिनं माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घेतली.

दुसऱ्या दिवशी बाई सकाळी फिरायला गेल्या आणि गावच्या विहिरीपाशी थांबल्या. खालच्या वस्तीचा आड त्या उन्हाळ्यात आटला होता. तिथल्या बायका गावच्या विहिरीजवळ यायच्या, पण काठावर चढायच्या नाहीत. खाली, हातभर लांब घागर ठेवून उभ्या राहायच्या. वरच्या एखाद्या बाईच्या मनात आलं की ती पोहरा ओढून वरूनच, घागरीला न लागता, पाणी ओतायची. मनात नाही आलं तर त्या उन्हात उभ्याच. कायद्यानं हे कधीच बंद झालं होतं, म्हणून गावात त्याबद्दल कोणी बोलत नसे.

बाई परत आल्या त्या डोळे भरून. "इतक्या टंचाईत या बायका दुसऱ्याची घागर भरतात!" त्या म्हणाल्या. "आणि दुसऱ्या किती शांतपणे, किती विश्वासानं वाट बघतात!" नाटकाचा शेवट त्यांना सापडला होता. वर पाहुण्यांपैकी एक मुलगी आणि गावातल्या मुली पाणी ओततील, खाली एक मुलगी घागर घेऊन उभी राहील. खालची भूमिका त्यांनी त्याच मुलीला दिली. तिला स्तब्ध उभं राहणं फार छान जमतं, असं त्या म्हणाल्या. जमणारच.

हे मी मराठीत सांगितलं तेव्हा मुलांमध्ये चुळबुळ झाली. मग पुतण्या टाळ्या वाजवू लागला आणि सगळ्यांनी वाजवल्या. गावाला फारच सोयीचं होतं ते.

तालीम सुटल्यावर ती मुलगी माझ्यामागून आली.

"तुमी सांगितलं का त्यांना, आमी पाणी वाटून घेतो म्हणून?"

"नाही. त्यांनी स्वतः बघितलं."

"मंग काय बघितलं ते सांगा की त्यांना."

"तूच नको म्हण ना. भूमिका सोडून दे."

"म्या सोडली की तो पुतण्या म्हणंल, शाय. दुसरीला उभी करतील. माझ्या बहिणीला करतील." तिचा आवाज चढला नव्हता, पण मला एक पाऊल मागं सरावंसं वाटलं. "समोर माझी आई बसणार हाय. ती रोज उभी ऱ्हाती तशी म्या उभी ऱ्हायाची आन् लोकांनी टाळ्या पिटायच्या. ते बघून तिनं घरी जायाचं. पर तुमाला काय त्याचं? तुमच्या घरात घागर भरून येती."

मला तिचाही राग आला. गावात एवढी माणसं होती आणि हिनं मलाच पकडावं! मी घराकडं चालू लागले.

पुतण्याला कसं कळलं कोण जाणे. संध्याकाळी तो आमच्या दारात उभा होता.

"ताई, पाहुणे चार दिसांचे. तुमच्या वडलांची नोकरी इथंच, पाणी बी आमच्याच विहिरीचं. गावाची अब्रू सांभाळा म्हंजे झालं."

आत वडील भाकरी खात होते. त्यांनी ऐकलं आणि ताटातून वर बघितलं नाही. त्यांचा गप्प राहण्याचा स्वभाव माझ्यात उतरलाय असं आई नेहमी कौतुकानं सांगायची.

प्रयोग दिवस मावळता शाळेच्या मैदानात झाला. चार बाकं जोडून, वर गोणपाट टाकून विहिरीचा काठ केला होता. पुढं खुर्च्यांच्या रांगेत चेअरमन आणि गावातली मोठी माणसं, त्यांच्या मागं गाव, आणि अगदी कडेला, कुंपणाला लागून खालची वस्ती. मी एका बाजूला माईक घेऊन उभी, प्रत्येक प्रवेश दोन्ही भाषांत सांगायला.

शेवटचा प्रवेश आला. ती घागर घेऊन आली. ठरल्या जागी पोचली, पण थांबली नाही. घागर खाली ठेवून ती सरळ बाकावर चढली आणि त्या पाहुण्या मुलीच्या हातातून तिनं पोहऱ्याचा दोर घेतला. त्या मुलीला वाटलं नाटकात बदल झाला असेल. ती हसून बाजूला सरकली. गावातल्या दोघी मात्र बाकावरून उड्या टाकून पळाल्या.

"उतर खाली!" खुर्च्यांच्या रांगेतून ओरडा आला. "उतर गं ए! माजलीस का?" मागची माणसं उभी राहिली. कुंपणाजवळ एक बाई उठली. तिची आई असणार. ती हाका मारत नव्हती, नुसती उभी होती.

पुतण्या धावत बाईंपाशी गेला. "मिस्टेक, मॅडम! शी इज शाय, फरगेट!"

बाई गोंधळून पुढं आल्या. "ही असं का करतेय? हे का ओरडताहेत?" त्यांनी इंग्रजीत मला विचारलं. पुतण्या माझ्याकडं बघून मान हलवत होता, नाही, नाही. चेअरमनांच्या मागं माझे वडील उभे होते, ते जमिनीकडं बघत होते.

बाकावरून ती म्हणाली, "हिला इचारा. हिला समदं ठाऊक हाय." आणि दोर घट्ट धरून माझ्याकडं बघत राहिली.

मी माईक तोंडाशी नेला. आधी इंग्रजीत सांगितलं. बाईंचा हात तोंडावर गेला. मग तेच मराठीत, कारण मी पाहुण्यांना काय सांगितलं हे गावालाही कळायला हवं होतं:

"तुम्ही पाहिलंत ते पाणी वाटणं नव्हतं. हिच्या आईला गावच्या विहिरीला हात लावू देत नाहीत. ती शिवू नये म्हणून वरून ओततात."