धोंडीचा बेडूक

मी शिक्षिका आहे आणि मला बेडकाची भीती वाटते. विंचू निघाला तर मी चप्पल घेऊन पुढे होते, सापालाही एकदा दांड्याने हुसकावलंय. पण बेडूक दिसला की माझे पाय आपोआप खुर्चीवर जातात. त्यामुळे चौथीला उभयचर प्राणी शिकवायची वेळ आली, तेव्हा मी फळ्यावर एक भलामोठा बेडूक काढला आणि मनात म्हटलं, एवढ्यावर भागेल.

भागलं नाही. नांदूरघाटाच्या अलीकडच्या त्या लहान गावात मोटार दुरुस्तीचं एकच दुकान होतं, आणि त्या दुकानवाल्याची मुलगी माझ्या वर्गात होती. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिचे अब्बा दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेली मोटार पाण्यात चालवून बघायला दुकानामागे सिमेंटचा हौद होता. गावातल्या विहिरी तळाला गेल्या तरी त्या हौदात पाणी असायचं आणि पाण्यात बेडूक. ही पोर माझ्या प्रत्येक वाक्याला "कावून?", म्हणजे का म्हणून, असं विचारायची. मला तिची चीड यायची, आणि ती आली नाही की वर्ग ओकाबोका वाटायचा.

दुसऱ्या दिवशी ती ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आली.

"मॅडम, फळ्यावरचा हालत न्हाई," ती म्हणाली, आणि माझ्या टेबलावर बेडूक ठेवला.

मी किंचाळले नाही, याचा मला आजही अभिमान आहे. बेडूक घमेल्यात ठेवून घमेलं वर्गाच्या मध्यावर नेलं, म्हणजे पोरांनी नेलं. मी भिंतीशी उभी राहून शिकवलं. त्याच्या मागच्या डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं होतं, म्हणून पोरांनी त्याला लगेच ओळखीचा करून टाकलं. कुणीतरी नाकतोडा सोडला. बेडकाने तो जिभेवर उचलला आणि गिळताना त्याचे दोन्ही डोळे डोक्यात बुडाले.

"बेडूक डोळ्यांनी घास आत ढकलतो," मी सांगितलं. त्या दुपारी खिचडीच्या प्रत्येक घासाला अख्खी चौथी डोळे गच्च मिटून गिळत होती. स्वयंपाकवाल्या बाईंना वाटलं, खिचडी खारट झाली.

पुढचं मी फार ठासून सांगितलं होतं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो. श्वासही नाकासोबत कातडीने घेतो. म्हणून कातडी ओली लागते.

"म्हंजी ह्याचं नाक अंगभर हाय?" तिने विचारलं.

"अंगभर," मी म्हटलं. "म्हणून त्याच्या अंगाला तेल, साबण, काही म्हणजे काही लावायचं नाही. लावलं की नाक बुजलं."

त्या साली पावसाने मोठी ओढ दिली. पेरलेलं करपायला लागलं, शाळेचा नळ कोरडा पडला, पोरं घरून पाण्याच्या बाटल्या आणायला लागली. मग गावातल्या बायकांनी धोंडी काढायचं ठरवलं. आमच्याकडे पाऊस रुसला की मुसळाला कडुलिंबाचे डहाळे बांधतात, त्यात जिवंत बेडूक बांधतात आणि गाणं म्हणत घरोघर नेतात. प्रत्येक दारात धोंडीवर पाणी ओततात, बेडकाला हळदकुंकू लावतात, सुपातून ज्वारी घालतात. बेडकाची हाक वरच्याला ऐकू जाते म्हणे. त्या वर्षी बेडूक मिळाला तो मोटारीच्या हौदातच. पोरीने तो दिला, पण दुपारपर्यंत परत द्यायच्या बोलीवर.

धोंडी शाळेच्या दारात आली तेव्हा ऊन टाळूवर होतं. पुढे सगळं गाव जिला मावशी म्हणतं ती म्हातारी, मागे वीस-पंचवीस बाया, चार-पाच मोबाइल शूटिंग करणारे. पाणी महाग म्हणून दारोदार नुसती ओंजळभर शिंपडत आणलं होतं. हळदकुंकू मात्र कुणी कमी केलं नव्हतं. बेडूक ओळखू येत नव्हता. तुटलेल्या बोटावरून तेवढा कळला.

मावशीने ताट माझ्यापुढे धरलं. "मॅडम, तुमी बी लावा."

सगळ्या बघत होत्या, मोबाइल माझ्याकडे वळले होते, नाही कसं म्हणायचं? मी चिमूट घेतली. हात लावायची तर छाती नव्हती, म्हणून वरूनच सोडली. सगळी हळद त्याच्या पाठीवर पडली.

"भाजीत मीठ टाकायलात का मॅडम?" मावशी म्हणाली, आणि बाया हसल्या. मीही हसले.

माझा वर्ग हसला नाही. व्हरांड्यात चौथी उभी होती आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती.

"मॅडम," ती पोर हळूच म्हणाली, "नाक बुजलं की त्याचं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी त्याच आठवड्यात सुविचार म्हणून फळ्यावर लिहिली होती. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. बेडकाचा एरवी सारखा धडधडणारा गळा थांबून थांबून हलत होता.

"मावशी, ह्याला सोडवा," मी म्हटलं.

"आत्ता? धोंडी आर्ध्यात सोडत न्हाईत बाई. दोन गल्ल्या ऱ्हायल्यात."

"तो कातडीने श्वास घेतो. आपण सगळं बुजवलंय. मी पोरांना शिकवलं आणि मीच लावलं. चूक माझी आहे."

बाया कुजबुजायला लागल्या. अर्ध्यात सोडली तर पाऊस येणार नाही, असं कुणीतरी म्हणालं. मावशीने वाकून बेडकाकडे बघितलं.

"मरंल का हो त्ये?"

"मरेल."

"मंग? मेलेला बेडूक काय हाक मारणार पावसाला?" ती बायांवर खेकसली आणि स्वतः सुतळीची गाठ सोडायला लागली.

मी मोटारवाल्याच्या पोरीकडे बघितलं. तिने घ्यावा, अशी माझी साधी अपेक्षा. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तुमी लावलं. तुमी धुवा."

मी ओंजळ पुढे केली. मावशीने त्यात बेडूक ठेवला. थंड, बुळबुळीत आणि फार हलका होता. इतक्या हलक्या जिवाला मी इतकी वर्षं भ्यायले होते. नळ तर कोरडा. मग पोरीने आपली बाटली उघडली आणि माझ्या हातांवर ओतली. तिच्यामागे दुसरीने, मग रांगच लागली. त्या दिवसांत एक बाटली म्हणजे दिवसभराची तहान. कुणाला सांगावं लागलं नाही. मी बोटाने त्याची पाठ, पोट, पायांच्या बेचक्या धुतल्या. लाल-पिवळं पाणी वाहून गेलं, खालून हिरवी कातडी निघाली. पण तो हलत नव्हता.

पोरीने त्याला ओल्या फडक्यात घेतलं आणि हौदाकडे पळाली. माझ्याशी बोलली नाही.

मावशीने मुसळ खांद्यावर घेतलं. "हळदकुंकू मुसळाला लावा गं इथून फुडं," असं ओरडत तिने उरलेल्या दोन गल्ल्या पुऱ्या केल्या. थोड्या वेळाने तिच्या सुनेने पोरांसाठी पाण्याची घागर आणून ठेवली. हल्ली धोंडी निघाली की बेडूक पाण्याच्या तांब्यात असतो, आणि एखादी नवी सून चिमूट घेऊन त्याच्याकडे गेली की मावशीच तिला बजावते, नाक बुजंल त्याचं.

त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर मी चार वेळा हात धुतले. पिवळे ते पिवळेच. बेडकापेक्षा पोरीचं ते न बोलता जाणं मला जास्त छळत होतं. उद्या मी काहीही शिकवलं तरी ती कावून विचारणार नाही, असं वाटत राहिलं.

सकाळी आभाळ कोरडंच होतं. परिपाठाला पोरं रांगेत उभी राहिली. ती शेवटी आली, हौदाकडून धापा टाकत, आणि आपल्या जागी उभी राहिली. मी प्रतिज्ञा सांगत होते. तिने माझ्याकडे बघितलं, दोन्ही डोळे गच्च मिटले आणि मान खाली दाबून एक मोठा घास गिळल्यासारखं केलं.

अख्ख्या चौथीला कळलं. मी प्रतिज्ञेतली एक ओळ विसरले.