गाणं रेवाचं, आवाज कुणाचा?

मंडळी, सकाळपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळतोय. तुम्हालाही त्यात वाटेकरी करतो.

माझी पुतणी रेवा स्वतः गाणी लिहिते आणि गाते. आज पाथरीला भावाच्या घरी होतो, तेव्हा तिला मुंबईच्या एका संगीत कंपनीचा पहिल्यांदाच फोन आला. त्यांना तिचं एक गाणं पसंत होतं, पण आवाज दुसऱ्या, नावाजलेल्या गायिकेचा हवा होता. आणि उत्तर लगेच.

रेवानं फोनवर हात ठेवला. "काका, काय करू?"

मी घसा खाकरून सुभाषित काढलं. भाऊ उसळला, "दादा, श्लोक मागून! पोरी, हो म्हन. असा फोन रोज येत न्हाई."

ते गाणं "माय वं" या हाकेनं सुरू होतं. रेवा बांधावरून आईला अशीच हाक मारते.

तिची आई दारातून म्हणाली, "माझ्या लेकीची हाक दुसरी कशी मारंल?"

रेवानं फोन कानाला लावला. "म्हणीन तर मीच म्हणीन. न्हाईतर राहू द्या."

"कळवतो," म्हणून फोन बंद झाला.

संध्याकाळ झाली, अजून काही कळलेलं नाही. भाऊ माझ्यावरच रागावलाय, मीच तिला फितवलं म्हणे. वास्तविक माझं सुभाषित अर्ध्यावरच राहिलं होतं. रेवाच्या आईनं मात्र फोन चार्जिंगला लावलाय.

खरं सांगा, तुम्ही दिली असती ती हाक दुसऱ्या कुणाला?