शेठची हिरवळ, वहिनीची खुर्ची

आमच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत. तोंडावर त्यांना सगळे शेठ म्हणतात आणि पाठ फिरली की गालिचा. सारा जन्म गालिच्यांच्या दुकानात गेला. शेवटी दुकान पोराच्या गळ्यात मारलं नि घरी येऊन बसला, तर हाताला चैन पडेना. घरापुढं गवताचा एक तुकडा होता. त्या बिचाऱ्याचं नशीब फुटलं.

गवत जिवंत असतं हे या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी तो अंथरलेला माल. लव बारीक दिसली पाहिजे म्हणून यंत्राचं पातं पार खाली लावून असा भादरायचा की खालची माती टकलासारखी चमकायची. सुरकुती नको म्हणून वरून लोखंडी रूळ फिरवायचा. रंग उठून दिसावा म्हणून सकाळ-संध्याकाळ नळी धरून उभा. आणि कडेला पाटी: ‘चपला काढून या.’

"अहो, घरात लोक चपला घालून हिंडतात आणि या चिखलात काढायच्या होय?" त्याची बायको विचारायची.

"चिखल नाही तो. हिरवळ आहे."

"मग काल दूधवाला घसरला कशावर?"

रुळानं दाबून दाबून मातीची वीट झाली. पाणी मुरेना, मुळं गुदमरली, गवत विरळ झालं आणि उघड्या पडलेल्या ओल्या जागेत शेवाळ आलं. न येऊन सांगतंय कुणाला? आणि अक्कल बघा. पहिल्यांदा ते मऊ हिरवं दिसलं तेव्हा शेठ खूश! अख्ख्या गल्लीला बोलावून हात फिरवायला लावला. "बघा, लव कशी दाट बसली!" चार दिवसांनी स्वतःच त्याच लवेवर उताणे पडले, तेव्हा कळलं.

मग शेवाळ जाळायला हिराकस आणली. मुठीमुठीनं फेकली. शेवाळ काळं पडलं, शेठ छाती काढून फिरले. पण खालची वीट तशीच, वरचं पाणी तसंच, पात्याची भादरणी तशीच. शेवाळ परत हजर. हिराकशीचे तांबडे डाग मात्र पायरीच्या फरशीवर बसले ते कायमचे.

आता खापर कुणावर तरी फोडायला हवं. सापडलं तुतीचं झाड.

शेजारच्या घरात शेठची वहिनी राहते, थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी शिंप्याची काजं करून पोट भरते. घर अंधारं आणि नजर अधू. आत बसावं तर सुई दिसत नाही, उन्हात बसावं तर कापड डोळ्यांवर चमकतं. तिला जमायचं ते एकाच ठिकाणी: दोन घरांच्या मधल्या तुतीखाली, लाकडी खुर्ची टाकून. ती सावली गेली की काजं गेली, नि काजं गेली की चूल गेली. हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. शेठलाही.

"वहिनी, सावलीमुळं शेवाळ येतं. झाड काढावं लागेल."

वहिनीनं सुई कापडात खोचली. "भावजी, इकडं या. खाली बघा. इथं तर बाराही महिने सावली. आहे शेवाळ?"

नव्हतंच. झाडाखाली घोट्याएवढं गवत होतं, कुणी न भादरलेलं, कुणी न दाबलेलं. बोट घातलं तर मातीत सहज शिरेल असं.

"हे जंगली गवत. याची गोष्ट वेगळी," शेठ म्हणाले. दुकानात गिऱ्हाईक आलं की गालिच्याचा कोपरा उलटा करून खालच्या गाठी दाखवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसानं आपल्या हिरवळीखाली एकदा खुरपं घालून बघितलं नाही.

घरातून दुकानातली कापडी फीत आणली आणि जागा मोजली. झाडाचं खोड वीतभर शेठच्या बाजूला निघालं. भावाभावांत जे कधी कुणी मोजलं नव्हतं, ते यानं शेवाळापायी मोजलं. दुसऱ्या दिवशी करवत आली. बायको दारात उभी राहून म्हणाली, "लाज नाही वाटत?" शेठनं नळी सुरू केली.

झाड पडलं. वहिनी रडली नाही, भांडली नाही. खुर्ची उचलली आणि शेठच्या हिरवळीवर आणून ठेवली. तिथं शेठच्या घराची सावली पडते.

"वहिनी, हे काय?"

"सावली शोधतेय. आमची तुम्ही नेलीत. आता तुमची वापरते."

"अहो, पण खुर्चीचे पाय रुततात!"

"रुतणारच. मी काय कापूस आहे?"

वहिनी अंगानं चांगली भरलेली. सावली सरकली की खुर्ची सरकवायची, की दुसरीकडं चार भोकं. शेठ बायकोकडं धावले. बायको चहाचा कप घेऊन बाहेर आली, तो वहिनीच्या हातात दिला आणि आत गेली. वहिनीला उठवायचं तर हात धरून उठवावं लागलं असतं, आणि गल्ली बघत होती. या माणसाची मर्दुमकी झाडापुरतीच.

असे काही महिने गेले. शेवाळ हललं नव्हतं, झाड जाऊनही. फक्त जिथं खुर्चीचे पाय रुतले होते, तिथं भोकांतून पाणी खाली उतरलं, मुळांना वारा लागला आणि भोकाभोवती चांगलं गवत धरलं. शेवाळात हिरवे ठिपके, चार-चारचे. आंधळ्यालाही दिसावेत असे.

शेठला दिसले. त्यांनी काय केलं? कुठल्याशा बांधकामावरची माती आणून सगळी भोकं बुजवली आणि वरून रूळ फिरवला!

त्या मातीत लव्हाळ्याच्या गाठी होत्या. पंधरवड्यात प्रत्येक भोकातून लव्हाळा तरारून वर आला, ताठ, चकचकीत. शेठ उपटायचे, वरचं पातं हातात यायचं, गाठ खालीच. दोनाचे चार. शेवटी कात्री घेऊन गुडघ्यांवर बसले आणि एकेक पातं कापायला लागले.

वहिनी बाहेर आली. खुर्चीचे पाय चार झुपक्यांवर बरोबर टेकवले आणि बसली.

"बरं झालं भावजी, खुणा करून ठेवल्यात. रोज शोधावं लागायचं."

शेठनं पुढचं पातं कापलं.

"ती कात्री द्या जरा. दोरा तोडायचाय."

शेठनं दिली. ती परत मिळेपर्यंत तसेच गुडघ्यांवर बसून राहिले.