क्रिप्टोचे पैसे आणि बचत गटाची किल्ली

मैत्रिणींनो, आज जाम दमलेय. परदेशातल्या क्लायंटने वेबसाइटच्या कामाचे पैसे क्रिप्टोत दिले होते. ते विकून रुपये घेतले, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँकेने खातंच गोठवलं. म्हणून सकाळी श्रीगोंद्याला पोलीस स्टेशनात गेले.

हवालदार म्हणाले, "मॅडम, ह्ये गांजाबिंजाचं तर न्हाई ना?"

मी क्रिप्टोवर भरलेल्या टॅक्सची पावती पुढे केली.

"म्हंजे क्रिप्टोचा धंदा कबूल हाय तर तुमाला!"

पावतीची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवून निघाले.

घरी आले तर बातमी ऐकून बचत गटातल्या काकू दारात बसलेल्या. गटाच्या पैशांची पेटी माझ्याकडे असते.

"इस्वास हाय गं पोरी तुझ्यावर. पन चौकशी मिटंस्तवर किल्ली माझ्याकडं दे."

दिली.

पोलिसांना दाखवायला पावती तरी होती. काकूंना काय दाखवू, सांगा?