ऑटोवरची मोटार

एखादी मोठी इमारत एकूण किती वीज खाते ते काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. एकेक दिवा, पंखा, गीझर मोजायचा, तो किती तास चालतो ते विचारायचं आणि बेरीज मीटरशी ताडून पाहायची. हिंगोलीतल्या मुलींच्या वसतिगृहाचं काम मी पहिल्यांदाच एकटीने घेतलं, आणि बेरीज काही केल्या जुळेना. मीटर बरंच जास्त दाखवत होतं.

आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी शहरात बसून फोनवरच निकाल लावला, "चोरी. वायरमनने शेजारी लाइन दिली असणार. तसं लिही."

वसतिगृहाचे वायरमनकाका निवृत्तीला टेकलेले. त्यांना कुणकुण लागली तसे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, आमी चोर न्हाई. इथला एक बलब कधी घरी नेला न्हाई." मला साहेबांचा असा राग आला! इमारत न बघताच माणसाला चोर ठरवायचं म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि सगळं चिडीचूप झालं. थोड्या वेळानं आली. कुणी बटणाला हात लावायच्या आत आवारातून घरघर सुरू झाली. आमच्या गावी, साखऱ्याला, शेतात हा आवाज मी लहानपणापासून ऐकलाय. आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही. म्हणून विहिरीच्या मोटारीला ऑटो लावून ठेवतात. लाइट आली की मोटार आपोआप चालू, बंद मात्र हातानंच करायची.

मी पंपाकडे पळाले. रेक्टरबाईंनी मला पंप दोन तास चालतो म्हणून सांगितलं होतं. तो दिवसभर चालत होता! गच्चीवरची टाकी भरली की जास्तीचं पाणी पाइपातून परत खालच्या हौदात. थेंब कुठं सांडत नव्हता, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा.

"काहून लावला ऑटो, काका?"

"पोरींला पानी कमी पडू नये म्हनून. शेतात बी असाच हाय माझा."

पंपाचे खरे तास धरले आणि बेरीज जुळली. अहवालात मी ठळक लिहिलं, वीजचोरी नाही. काकांनी ते वाक्य दोनदा वाचून घेतलं.

साहेबांनी विचारलं, "हे तुला कसं सुचलं?"

"शेतकऱ्याची पोरगी आहे मी," मी म्हटलं. फार अभिमान वाटला. कॉलेजात चार वर्षं हेच मी लपवत आले होते.