नाव न घेता केलेली प्रार्थना

गेवराईत आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थना दर बुधवारी दुपारी तीनला असते, आमच्याच पुढच्या खोलीत. वीस वर्षं झाली. सगळ्या गेल्यावर सतरंजी झटकली की धूळ कमी आणि किस्से जास्त पडतात! बरेचसे हसण्यासारखे. पण यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात जे साचलं, ते सांगताना माझे कान अजून तापतात.

*

उपवासकाळ लागायच्या आदल्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "यंदा नुसतं पोट रिकामं ठेवू नका. मनाच्या दारावर पहारा बसवा. चाळीस दिवस काय आत येऊ द्यायचं नाही, ते ठरवा आणि तसा नवस करा."

आमच्या विमलताईंनी टीव्हीवरच्या मालिका सोडल्या. चौथ्याच दिवशी मी वाटीभर साखर मागायला गेले, तर बाई टीव्हीकडे पाठ करून मेथी निवडत बसलेल्या. आवाज फुल!

"अहो विमलताई, नवस?"

"बघत न्हाई ना मी! नुसतं ऐकते. सासूबाई बघतात, त्यांना बंद करा म्हणू का?"

मग हळूच, मान न वळवता, "त्या सुनेनं दुधात काय टाकलं गं? जरा बघून सांग."

*

मी राग सोडला होता. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या!

दुसऱ्याच दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. आणि शेजाऱ्यांनी नळाला मोटर लावली. माझा हंडा कोरडाच. मी दारात उभी राहून म्हणाले, "हे बघा, मी राग सोडलाय, म्हणून शांतपणे सांगतेय!"

सरूमावशी आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर. त्या दुपारी काठी टेकत आल्या. "लई शांत बोललीस बाई सकाळी. बसस्टँडपस्तोर ऐकू आलं!"

इतकी लाजले की त्या दिवसापासून तोंडाला कुलूपच लावलं. जे काही होईल ते गिळायचं. मला वाटलं, मन राखणं म्हणतात ते हेच.

*

आमच्या प्रार्थनेत शेवटी विनंत्या घेतात. कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाच्या मुलाची परीक्षा. दुसऱ्या घरची अडचण सांगायची असेल तर एकच नियम, नाव घ्यायचं नाही.

त्या बुधवारी विमलताईंनी डोळे मिटले, पदर डोक्यावर घेतला.

"नाव घेत न्हाई. पन आपल्यातल्या एका बहिणीची मुलगी बीडला नर्सिंगला हाय. परवा तिथंच मी माझ्या डोळ्यानं बघितली, एका पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून चालली होती. प्रभूनं तिचं मन राखावं."

नाव घेत नाही म्हणे! आमच्या अख्ख्या मंडळीत बीडला नर्सिंग शिकणारी मुलगी एकच, प्रेरणा. तिची आई लीलाताई माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली! आणि प्रेरणाला अंबाजोगाईचं स्थळ आलेलं. बायोडाटा, फोटो सगळं पसंत पडलेलं. येत्या रविवारी पाहुणे पहिल्यांदा घरी यायचे होते.

लीलाताईंचा हात गीतांच्या वहीवर तसाच राहिला.

सगळ्या म्हणाल्या, "आमेन."

मीही म्हणाले. राग सोडला होता ना मी!

*

संध्याकाळपासून प्रार्थनेच्या ग्रुपवर जोडलेले हात पडायला लागले. 'त्या मुलीसाठी.' 'त्या बहिणीसाठी.' तिसऱ्या दिवशी जालन्याहून माझ्या जावेचा फोन.

"गेवराईच्या त्या नर्सिंगवाल्या पोरीसाठी आम्ही चार जणींनी उपास धरलाय गं. काय झालं नेमकं?"

उपास आधी, चौकशी नंतर!

शनिवारी अंबाजोगाईहून मुलाच्या काकांनी लीलाताईंना कळवलं, "रविवारचं राहू द्या. आम्ही जरा प्रार्थनेत थांबतो."

प्रार्थनेत थांबतो! अहो, सोयरीक मोडायचीय तर मोडतो म्हणा सरळ. देवाला कशाला मधे घालता?

लीलाताईंनी लेकीला विचारलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, "मम्मी, मी वाईट काही केलं नाही. कोण होतं ते सांगणार नाही, शब्द दिलाय." बाकी ज्या इतक्या जणी तिच्यासाठी गुडघे टेकत होत्या, त्यांतल्या एकीनंही तिला फोन केला नाही. मीही नाही.

सरूमावशींनी मला गाठलं. "तू कावून गप बसलीस गं त्या दिवशी?"

"राग करायचा नाही असा नवस होता मावशी."

"बरं हाय. तुझं मन राखलं, लेकराचं लगीन गेलं."



*

पुढच्या बुधवारी पाळकीणबाईंबरोबर परगावची एक पाहुणी आली. निळी साडी, हातात कापडी पिशवी. भिंतीला टेकून गुपचूप बसली. लीलाताईही आल्या होत्या, मान खाली घालून.

विनंत्यांची वेळ झाली. विमलताईंनी डोळे मिटले. "नाव घेत न्हाई, पन त्या मुलीसाठी अजून..."

मी उठलेच. "विमलताई, बस्स करा! ही प्रार्थना नाही, ही चहाडी आहे! आणि आम्ही वरून आमेन म्हणतोय! लाज वाटली पाहिजे, तुम्हाला आणि मलाही!"

नवस मोडला.

तेवढ्यात मागून ती पाहुणी म्हणाली, "थांबा ताई. बोलू द्या त्यांना. मोटारसायकल कसली होती?"

विमलताईंना कुणी विचारायचाच अवकाश! "काळी. पुढं लाल पट्टा."

"अन् पोरगा?"

"हेल्मेट होतं, त्वांड न्हाई दिसलं. पन चांगला उंच होता."

"गाडीला मागं काही होतं?"

"कबुतर होतं ना! मडगार्डवर, पांढरं स्टिकर. एक पंख फाटलेला."

पाहुणीनं पदर सारखा केला.

"पंख माझ्याच हातून फाटला, चिकटवताना. माझ्या पोराची गाडी हाय ती."

मग ती लीलाताईंकडं वळली. "अंबाजोगाईहून सात माणसं येतो आम्ही रविवारी. जास्त काही करत बसू नका. वरण-भात पुरे."